जिताड्याला खाऊ घालताना: तोंड बघू नका, पोट बघा

जिताडा हा शिकार करून खाणारा मासा. त्याचं तोंड मोठं, आतडं मात्र आखूड. रोहू-कटल्याला चालणारा तांदळाचा कोंडा आणि शेंगपेंड याला घालणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं, कारण पिष्ट पचवणारी विकरं त्याच्यात फार कमी. 40 ते 45 टक्के प्रथिनांच्या तरंगत्या गोळ्याच घ्या. बुडणाऱ्या गोळ्या नकोत. हा मासा वरून येणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो, तळाला गेलेलं सहसा उचलत नाही, मग ते तिथंच कुजतं.

अगदी लहान पिल्लांची गोष्ट वेगळी. सुरुवातीला जठर तयारच नसतं, आम्लही सुटत नाही. त्यामुळे आधी रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव), मग आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव) असं जिवंत खाद्यच द्यावं लागतं. कोरड्या खाद्याची घाई केली तर पोट भरलेलं दिसतं आणि पिल्लं मरतात. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घेताना ती गोळ्यांवर आलेली आहे ना, हे समोर खायला घालून बघा. मासळीच्या खिम्यावर वाढलेली असेल तर खिम्यात गोळ्यांचा चुरा मिसळा आणि 7 ते 10 दिवसांत खिमा शून्यावर आणा.

एकमेकांना खाणं ही सगळ्यात मोठी गळती. आपल्या निम्म्याहून लांब भावंडालाही जिताडा गिळतो. म्हणून 10 सेंमी होईपर्यंत दर 5-7 दिवसांनी चाळणीने आकारानुसार प्रतवारी करा, आणि ती उपाशीपोटी. भरल्या पोटी हाताळलं की मासा खाल्लेलं ओकतो आणि दगावतो.

खाद्याचं प्रमाण वजनावर ठरवा. 10 ग्रॅमच्या माशाला रोज वजनाच्या 6-8 टक्के, 50 ग्रॅमला 5, अर्ध्या किलोला 2 टक्के. म्हणजे 50 ग्रॅमचे 1000 मासे असतील तर दिवसाला अडीच किलो, तीन वेळांत विभागून. दर पंधरवड्याला 30-40 मासे तोलून आकडा बदला. मुठीमुठीने टाका. पाण्यावरची खळबळ मंदावली की थांबा, उरलेलं ‘संपवायचं’ म्हणून ओतू नका.

पहाटे खाद्य नको. रात्रभरात तलावातला प्राणवायू उतरलेला असतो आणि पचनालाही प्राणवायू लागतो. तो लिटरला 4 मिलिग्रॅमच्या वर गेला की घाला, बहुधा ऊन चढल्यावर. शेवटची वेळ संध्याकाळची. थंडीत पाणी 20 अंशांपर्यंत उतरलं तर भूक जवळपास बंद होते, तेव्हा खाद्यही बंद.

स्वस्त म्हणून नुसती तारली घालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: कच्च्या तारलीत ब-1 जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. महिनोन्‌महिने तीच दिली तर मासे गरगर फिरू लागतात. शिवाय एक किलो वाढीला अशी मासळी पाच-सहा किलो लागते, गोळ्या दोनेक किलो.

मेलेला मासा फेकण्याआधी चिरा. पित्ताशय फुगून गडद हिरवं झालं असेल तर तो बरेच दिवस जेवलेला नाही. मग गोळीचा आकार, प्राणवायू आणि दांडगे भाऊबंद, याच क्रमाने तपासा.