पावडरचा लाकूडगोंद कालवताय? या चुका टाळा, गोव्यात तर नक्कीच

पावडरच्या गोंदाने चिकटवलेला जोड सुटला की सगळे आधी गोंदालाच शिव्या घालतात. पण आपल्याकडे बहुतेक वेळा खरा दोष ओलाव्याचा असतो, तो पावडरीत शिरलेला असतो नाहीतर लाकडात, नाहीतर कालवताना आपणच पाणी जास्त ओतलेलं असतं.

इथे बोलतोय ते युरिया फॉर्मल्डिहाइडच्या, म्हणजे पाण्यात कालवायच्या कृत्रिम राळेच्या पावडरबद्दल. केसिनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेली पावडरही मिळते पण दमट हवेत ती मऊ पडते, बुरशी धरते. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे लाकडी विमान सुरुवातीला केसिननेच चिकटवायचे, मग उष्ण दमट प्रदेशात जोड टिकेनात म्हणून पुढे युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद घेतला. आपली हवा तशीच आहे, त्यामुळे इथे केसिनच्या वाटेला न गेलेलंच बरं.

पहिली चूक डबा उघडा ठेवायची. जून ते सप्टेंबरात हवेतला ओलावा पावडर सहज ओढून घेते आणि गुठळ्या होतात. अशा गुठळ्या चाळून, ठेचून वापरू नका प्लीज, ती पावडर गेली. मोठी गोणी स्वस्त पडते म्हणून घेतली असेल तर आणल्या दिवशीच छोट्या हवाबंद डब्यांत भरा, वर तारीख लिहा, आणि वर्षभरात संपवा.

कालवताना बरेच जण पाण्यात पावडर टाकतात आणि मग गोळे फोडत बसतात. उलटं करा, प्लास्टिकच्या भांड्यात आधी पावडर घ्या, थोडंसं पाणी घालून घट्ट लगदा करा, तो एकजीव झाला की उरलेलं पाणी हळूहळू. शेवटी भज्याच्या पिठाएवढं दाट हवं. बऱ्याच पावडरींना मापाने ५ भाग पावडरला २ भाग पाणी लागतं पण कंपनीप्रमाणे फरक असतो, पाकिटावरचं बघा, आणि वजनाचं माप दिलं असेल तर काटाच वापरा. दाट झालेल्या गोंदात परत पाणी घालून सैल करणं ही तर सगळ्यात वाईट सवय, तो आतून सेट व्हायला लागलेला असतो, पाण्याने फक्त पसरायला सोपा होतो, ताकद परत येत नाही.

एप्रिल-मे मध्ये वेळेचं भान ठेवा. २१ डिग्रीला चारेक तास चालणारा गोंद ३२ डिग्रीला साधारण तास-दीड तासातच जड होतो, म्हणून थोडा थोडा कालवा, सकाळी काम करा.

आता लाकूड. ओलावा ८ ते १२ टक्के हवा. भर पावसात उघड्या पडवीत ठेवलेलं फणसाचं किंवा सागाचं लाकूड १६-१८ टक्क्यांपर्यंत सहज जातं, वरून कोरडं वाटलं तरी. चिकटवलं तर तेव्हा धरेल, मग उन्हाळ्यात लाकूड आकसलं की जोडावर ताण येतो. लाकडातला ओलावा मोजणारं मॉइश्चर मीटर घ्या, खरंच घ्या. सागाला तेल असतं, त्यामुळे रंधा मारल्या दिवशीच चिकटवा आणि त्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा.

हा गोंद फटी भरत नाही. सांधा घट्ट बसला पाहिजे, क्लॅम्प रात्रभर ठेवा, पण पिळून सगळा गोंद बाहेर काढाल इतका आवळू नका. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला तर तो लाकडाच्या छिद्रांत जातो आणि पॉलिशखाली डाग दिसतात, रबरासारखा झाला की पटाशीने काढा. पूर्ण वाळला की काचेसारखा कडक होतो, हात कापतो.

वाकवलेल्या पट्ट्या, व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), घरातलं फर्निचर यासाठी हा गोंद मला सगळ्यात आवडतो कारण वाळल्यावर जोड सरकत नाही. पण बाल्कांवातला, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीतला बाक किंवा होडीसाठी नको, ऊन आणि पाणी मिळून तो हळूहळू मोडतो, तिथे रिसॉर्सिनॉल किंवा एपॉक्सी हे पाण्यात टिकणारे गोंद लावा.

आणि हो, कालवताना हातमोजे, खिडक्या उघड्या, वाळलेला गोंद घासताना मास्क, कारण त्यात फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असतं.