परभणीच्या हवेत ब्रशने स्पिटफायर

विमानाचं प्लास्टिक किट जोडणं फार अवघड नाही. कागदावर चित्रं असतात, भागांवर नंबर असतात, नंबर बघत जोडत गेलं की विमान उभं राहतं. अवघड आहे ते रंगवणं, त्यातही आपल्या हवेत आणि ब्रशने. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ थंड, दमट देशांतले. त्यात सांगतात, रंग लावा आणि त्याला आपोआप सपाट होऊ द्या. एप्रिलमध्ये परभणीत रंग सपाट व्हायच्या आधी ब्रशवरच वाळतो.

मी पाट्या रंगवणारा माणूस. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नंबर प्लेटी, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. ब्रशवर घर चाललं, त्यामुळे एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र) आणि काँप्रेसर घ्या असा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. ब्रशने विमान नीट रंगवता येतं. हवेचा आणि पाण्याचा हिशेब तेवढा कळला पाहिजे.

किट कोणतं घ्यायचं

पहिल्यांदा करत असाल तर एअरफिक्स कंपनीचं १/७२ मापाचं स्पिटफायर मार्क वन-ए घ्या, दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान. परभणीत मिळत नाही, ऑनलाइन मागवावं लागतं. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट ते मॉडेलचा एक इंच. स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर, म्हणजे मॉडेलवर साधारण साडेपंधरा सेंटिमीटर. तळहातावर मावतं, भाग थोडे असतात, दोन-तीन रविवारांत संपतं.

स्पिटफायरच का, तर त्यात आपलाही पैसा आहे. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खानाने इंग्रजांना पैसे दिले, त्यातून १९१८ साली त्यांच्या हवाई दलाच्या ११० नंबरच्या तुकडीला (स्क्वाड्रनला) डीएच-९ए विमानं मिळाली आणि तुकडीच्या नावात हैदराबाद आलं. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ या तुकड्यांनाही हैदराबादचं नाव मिळालं. १५२ स्पिटफायर उडवायची. १९४० च्या उन्हाळ्यात ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलला होती आणि पोर्टलँड बंदराच्या बाजूने येणाऱ्या जर्मन विमानांशी लढली. तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार आहे आणि ब्रीद आहे 'विश्वासू मित्र'. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे त्याच्या तिजोरीत परभणी जिल्ह्याचा शेतसाराही जात होता. शेतकऱ्याला कुणी विचारून घेतला नव्हता ते वेगळं. पण 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावाने याच तुकडीचं विमान करावं, असं मला वाटतं.

सामान

निम्मं सामान गावातच मिळतं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात वॉटर पेपर घ्या, ४००, ८०० आणि १५०० नंबरचा. तिथेच एनसी पुट्टीची छोटी ट्यूब आणि मास्किंग टेप मिळेल. भाग कापायला इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात ते सपाट तोंडाचं छोटं कटर. घासायला बायकांच्या नखांची फाइल चालते. ब्रश कॅमलिनचे सिंथेटिक घ्या: चपटा ४ आणि ६ नंबरचा, गोल शून्य आणि डबल शून्य. ब्रशात काटकसर करू नका, बाकी कशातही करा.

बाहेरून मागवायच्या दोन गोष्टी. एक, प्लास्टिक मॉडेलची पातळ सिमेंट. ही चिकटवत नाही, किटचं प्लास्टिक (पॉलिस्टायरिन) विरघळवून दोन भाग एकजीव करते. खिडकी उघडी ठेवून वापरा, वास डोक्यात जातो. दुसरी, रंग. पाण्याने पातळ होणारे व्हॅलेहो मॉडेल कलरसारखे ॲक्रिलिक घ्या. तामियाचे ॲक्रिलिक एअरब्रशला उत्तम, पण त्यांत अल्कोहोल असतं. उन्हाळ्यात ते ब्रशवर चटकन धरतात आणि दुसरा हात मारताना पहिला उचकटून येतो. डबीतले इनॅमल सावकाश वाळतात, ब्रशच्या रेषा आपोआप बसतात, म्हणून माझ्यासारख्या जुन्या माणसाला ते आवडतात. मात्र त्यांना टर्पेंटाइन लागतं आणि वाळेपर्यंत आपली धूळ बसते. हार्डवेअरमधलं एनसी थिनर मॉडेलच्या जवळ आणू नका. प्लास्टिक खाऊन टाकतं.

जोडणी

भाग फ्रेममध्ये असतानाच भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. भाग कापताना कटर आधी थोडं लांब लावा, मग उरलेलं टोक घासून काढा. एकदम चिकटून कापलं तर पांढरा डाग पडतो किंवा टवका निघतो.

कॉकपिट आधी रंगवून घ्या, करड्या-हिरव्या रंगात. झाकण बसलं की यातलं फार काही दिसत नाही, त्यामुळे सीट आणि पट्टे एवढं पुरे.

पंख जोडताना विमान समोरून डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. स्पिटफायरचे पंख मुळापासून टोकाकडे सहा अंशांनी वर जातात आणि दोन्ही सारखेच वर गेले पाहिजेत. सिमेंट ओली असतानाच हे जमतं. शेजारचा मुलगा विचारतो, "काका, फेविक्विक कामून लावीनात? लवकर होईल की." लवकर होतं हीच अडचण आहे. फेविक्विक हलवायला वेळच देत नाही, आणि तिच्या वाफेने काचेचे भाग धुरकट होतात. कॉकपिटच्या काचेला पांढरं फेव्हिकॉल लावा. वाळल्यावर पारदर्शक होतं आणि बाहेर आलेलं ओल्या ब्रशने पुसता येतं.

पोटाखालचे दोन भाग उलटे लावू नका. मोठा चौकोनी रेडिएटर उजव्या पंखाखाली, छोटा गोलसर ऑइल कूलर डाव्या पंखाखाली. चाकं आणि नाकावरचा पंखा शेवटी लावा, नाहीतर रंगवताना मोडतात.

पंख आणि धड मिळतात तिथली फट पुट्टीने भरून घ्या. थोडी थोडी, दोन वेळा. वाळली की ८०० चा पेपर पाण्यात बुडवून मारा, मग १५००. बोट फिरवून बघा. डोळ्याला न दिसणारी कड बोटाला कळते.

पाणी, हवा आणि रंग

रंग पातळ करायला बोअरचं पाणी वापरायचं नाही. त्यातले क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके होऊन वर येतात, गडद हिरव्यावर तर लांबून दिसतात. जारचं पाणी घ्या. त्याहून बरं म्हणजे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, एक बाटली वर्षभर पुरते. ब्रश धुवायला दोन पेले ठेवा, पहिल्यात मळ काढायचा आणि दुसऱ्यात नितळ करायचा. या कामाला बोअरचं पाणी चालतं.

रंग बशीत काढू नका, ओली पॅलेट करा. स्टीलच्या डब्याचं झाकण, त्यात जुन्या बनियनचं ओलं कापड घडी करून, वर बेकरीवाले वापरतात तो बटर पेपर. मेण लावलेला गुळगुळीत कागद नको, त्यातून ओल वर येत नाही. अशा पॅलेटवर मे महिन्यातही रंग तासभर टिकतो. रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव्य) मिळालं तर एखादा थेंब घाला, पण जास्त घातलं की रंग चिकट राहतो.

आता कूलर. कूलर चालू असला की खोलीत ओलावा येतो, रंग सावकाश वाळतो, ते चांगलं. पण त्याच्या झोतात बसलात तर वाळ्याची काडी आणि धूळ पंखावर येऊन बसेल. कूलर दाराकडे तोंड करून ठेवा आणि तुम्ही त्याच्या पाठीमागच्या कोपऱ्यात बसा. छताचा पंखा बंद. कूलर नसेल तर पहाटे रंगवा. सगळ्यात चांगले दिवस श्रावणातले, रिमझिम असताना. मी मोठी कामं तेव्हासाठी ठेवतो.

रंग किती पातळ हवा, याची एक परीक्षा आहे. वर्तमानपत्रावर एक हात ओढा. खालची छापील अक्षरं पुसट दिसली तर पहिल्या हातासाठी रंग बरोबर आहे. अक्षरं झाकली गेली तर जाड आहे, पाणी घाला. रंग कागदावर ओघळून पसरला तर पाणी जास्त झालं.

आधी करड्या प्रायमरचा एक पातळ हात द्या, तोही ब्रशने. स्प्रेचा प्रायमर भर उन्हात मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूकागद होतो.

मग रंग. चपटा ब्रश भिजवा, रंगात अर्धाच बुडवा, कागदावर एकदा पुसा आणि पंखावर एका दिशेने ओढा. आणि मग त्याच जागी परत जाऊ नका. माझ्याकडे शिकायला आलेल्या सगळ्या पोरांचा हात इथेच अडला. एक रेष वाकडी दिसते, म्हणून ब्रश मागे नेतात. तोवर रंग धरायला लागलेला असतो आणि तिथे फराटा उमटतो. दिसू द्या. पहिल्या हाताला विमान डागाळलेलं, गरीबच दिसणार आहे. तासाभराने दुसरा हात पहिल्याला आडवा मारा, आणि शेवटचा नाकाकडून शेपटीकडे, वारा वाहतो त्या दिशेने. मधल्या वेळात विमानावर मोठं पातेलं उपडं घाला, काळ्या मातीची धूळ बंद खोलीतही येते.

आधी पोट रंगवा. १९४० च्या उन्हाळ्यात तिथे स्काय नावाचा फिकट हिरवट रंग होता, हम्ब्रोल या रंगकंपनीच्या यादीत तो ९० नंबरचा. फिकट रंगाला चार-पाच हात लागतात, घाई करू नका. वर डार्क अर्थ हा तपकिरी आणि त्यावर डार्क ग्रीनचे पट्टे. गडद रंगांना दोन-तीन हात पुरतात. आधी सगळी वरची बाजू तपकिरी करा. मग हिरव्याची कड पेन्सिलने हलकी आखा, शून्य नंबरच्या ब्रशने कडेवर रेघ मारा आणि आतला भाग चपट्या ब्रशने भरा. पाटीवर अक्षर भरतो तसंच. टेपची गरज नाही, करंगळी विमानावर टेकवली की हात हलत नाही.

पंख्याची पाती काळी, टोकं पिवळी. पिवळ्याखाली पांढरा लावा, नाहीतर काळ्यावर पिवळा उमटतच नाही. पंखांच्या पुढच्या कडेला आठ ब्राउनिंग मशीनगनची तोंडं आहेत, एका पंखात चार. त्यांवर लाल कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या. डबल शून्य ब्रशने आठ छोट्या लाल पट्ट्या काढा, विमान लगेच खरं दिसतं.

अक्षरं आणि डीकल

डीकल म्हणजे किटबरोबर येणारी, पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं. ती लावायच्या आधी ग्लॉस वार्निशचा हात द्या. खरखरीत रंगावर डीकलच्या खाली हवा राहते आणि ती चंदेरी चमकते. डीकल जारच्या पाण्यात भिजवा, कागदावरून सरकवून बसवा, कापसाने टिपा. गोल निशाण्या डीकलच्याच ठेवा. हाताने काढलेल्या वर्तुळातला दोष दहा फुटांवरून दिसतो, हे मी व्यवसायाने सांगतो. पंखांवरच्या वरच्या गोलात फक्त लाल आणि निळा असतो, धडावरच्या गोलाला बाहेरून पिवळं कडं असतं.

तुकडीची अक्षरं मात्र हाताने काढा. किटमधली दुसऱ्या तुकडीची असतात. १५२ ची अक्षरं यू आणि एम, मध्यम करड्या रंगात, धडाच्या दोन्ही बाजूंना. विमानाचं स्वतःचं तिसरं अक्षर गोलाच्या पलीकडे. खऱ्या विमानावर अक्षरं दोन ते अडीच फूट उंच असायची, म्हणजे मॉडेलवर साडेआठ ते साडेदहा मिलिमीटर. वर-खाली दोन रेघा पेन्सिलने आखून घ्या. उभे दांडे आधी काढा, यू चं वळण मग, एम ची मधली तिरपी शेवटी. दांडा दीड मिलिमीटरचा धरा आणि एका रेघेत काढायचा प्रयत्न करू नका. आधी बारीक काढा, मग भरून रुंद करा. कड वाकडी आली तर करडा खोडत बसू नका, शेजारच्या तपकिरी किंवा हिरव्याने ती कापून घ्या. आम्ही पाटीवर अक्षर असंच धारदार करतो.

शेपटीजवळचा सीरियल नंबर खऱ्या विमानावर आठ इंचांचा, इथे पावणेतीन मिलिमीटरचा. तो हाताने काढायचा हट्ट नको. उरलेल्या डीकलमधली अक्षरं आणि अंक एकेक कापून जुळवा.

शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश. बाटली आधी नीट हलवा, नाहीतर पांढरट थर येतो. काचेच्या चौकटी शून्य ब्रशने रंगवा. चुकलं तर टोकदार काडीने ओला रंग खरवडता येतो.

एवढं करून तपकिरी, हिरवा आणि स्काय निम्म्याहून जास्त उरतो. तो वाळवू नका, १/७२ चं हरिकेन मागवा. २५३ म्हणजे हैदराबाद स्टेटची तुकडी हरिकेन उडवायची, रंग हेच, अक्षरं एस आणि डब्ल्यू. एस ची वळणं यू पेक्षा त्रास देतात, म्हणून आधी वर्तमानपत्रावर पानभर गिरवून घ्या.