स्वयंसेवी अग्निशमन दलासाठी माणसे निवडताना आणि घडवताना

लहान गावातील स्वयंसेवी अग्निशमन दलात भरती करताना पहिला प्रश्न ताकदीचा नसून उपलब्धतेचा असतो. दुपारी सगळेच कामानिमित्त गावाबाहेर असतील, तर यादीत ३० नावे असूनही गाडी जागची हलत नाही. म्हणून उमेदवार दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती मिनिटांत केंद्रावर पोहोचू शकतो, हे अर्जातच विचारावे. आगीत शिरण्याची तयारी नसलेल्यांनाही परत पाठवू नये, कारण वाहन चालवणे, पंप सांभाळणे, संदेश नोंदवणे या कामांवाचूनही तितकेच अडते (माझ्या मते चांगला पंपचालक मिळणे अधिक कठीण).

प्रशिक्षणाची सुरुवात होज (पाण्याची जाड नळी) पसरणे, जोडणे आणि गुंडाळणे यांपासून करावी. श्वसनयंत्राला (धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवरचे हवेचे सिलिंडर आणि त्याला जोडलेला मुखवटा) मात्र भरपूर वेळ द्यावा. ३० मिनिटांचे म्हणून ओळखले जाणारे सिलिंडर कष्टाच्या कामात त्याहून बरेच लवकर संपते, आणि दाढी असल्यास मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही. यातली पहिली गोष्ट नुसती सांगून पटत नाही, म्हणून प्रत्येकाला यंत्र लावून जिने चढायला लावावे व किती हवा उरली, हे त्याच्याकडूनच वाचून घ्यावे. त्यानंतर मुखवट्याची काच झाकून, भिंतीवरचा हात न सोडता, गुडघ्यांवर रांगत खोली शोधण्याचा सराव जोडीनेच करावा. जोडीदाराला मागे टाकून बाहेर येणाऱ्याचा सराव अपुराच धरावा, मग त्याने बाकी सारे अचूक केलेले असो.

प्रत्येक सरावाची तारीख, उपस्थिती आणि आढळलेल्या उणिवा नोंदवहीत लिहाव्यात. त्या दूर होईपर्यंत नवख्याला धुरात पाठवू नये.