आईची डीव्हीडी पुन्हा सुरू झाली

नौपाड्याच्या घरी आईला जुन्या नाटकाची डीव्हीडी बघायची होती. कॉम्प्युटरवर फाइली दिसत होत्या, पण नाटक काही सुरू होईना. विंडोज ८ पासून मीडिया प्लेअरमध्ये डीव्हीडी चालवायची सोयच नाही, हे तेव्हा कळलं. फुकट मिळणारा व्हीएलसी प्लेअर टाकला आणि नांदी ऐकू आली.

दुसऱ्या अंकात मात्र चित्राचे चौकोनी तुकडे पडून सगळं थिजलं, ड्राइव्ह नुसता घरघरत राहिला. डिस्क साधारणपणे आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे उशिरा अडकली तर बाहेरची कड आधी बघायची. उजेडात तिरकी धरली. कडेला अंगठ्याचा तेलकट ठसा, आणि ठाण्याच्या पावसाळ्यातला दमट पांढुरका थर! कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल कधीच पुसू नका. तसा ओरखडा ट्रॅकच्या, म्हणजे डेटाच्या गोल रेघेच्या, दिशेने जातो आणि सलग डेटा खातो.

डिस्क अडकली म्हणून ड्राइव्हच्या रीजनला (कोणत्या प्रदेशातल्या डीव्हीडी चालतील ती सेटिंग) उगाच हात लावू नका, तो ५ वेळाच बदलता येतो.

पूर्ण वाळल्यावर लावली. आईने तिसरा अंकही न थांबता पाहिला.