या चुका टाळा: कॉम्प्युटर किंवा टॅबलेट उघडून पार्ट बदलताना

माझ्या टॅबलेटचा टच एकदा आपोआप चालायला लागला. बोट न लावता ॲप उघडायची, कीबोर्डवर भलतीच अक्षरं उमटायची. टच गेला, हे मी दोन मिनिटांत ठरवून टाकलं, नवी काच मागवली आणि एका रविवारी दुपारभर खपून ती बसवली. संध्याकाळी टॅबलेट चार्जिंगला लावला तर भूत पुन्हा हजर! तेव्हा कुठे लक्षात आलं की हा प्रकार फक्त चार्जिंग चालू असतानाच होतोय. दुसरा चार्जर लावला आणि सगळं शांत झालं. दोष चार्जरमध्ये होता. त्याच्यातून येणाऱ्या विजेच्या खरखरीमुळे टचचा कंट्रोलर गोंधळत होता. जुनी काच ठणठणीत होती, ती मीच काढताना फोडली. वर होम बटणाची स्ट्रिपही (कागदासारखी पातळ, लवचीक केबल) तोडली. त्या मॉडेलमध्ये फिंगरप्रिंटचं बटण मदरबोर्डशी जोडी लावून आलेलं असतं, त्यामुळे नवं बटण लावूनही फिंगरप्रिंट गेलं ते गेलंच.

तेव्हापासून कागद आधी आणि स्क्रू-ड्रायव्हर नंतर, असा माझा क्रम आहे. कागदावर दोनच प्रश्न लिहायचे: दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण शोधतच नाहीत, आणि खरी खूण बऱ्याचदा तिथेच असते.

लक्षण बघून थेट पार्ट मागवणं

लॅपटॉप मध्येच बंद पडतो. बॅटरी गेली? असेल. पण तो व्हिडिओ एडिट करताना किंवा गेम खेळतानाच बंद पडत असेल आणि नुसता चालू ठेवला तर तासन् तास चालत असेल, तर आधी पंख्याकडे बघा. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांमध्ये धुळीची नमद्यासारखी घट्ट पट्टी बसते, ती बाहेरून दिसत नाही. बॅटरीचा संशय असेल तर विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदला, नाहीतर शोध चालू ठेवा.

लॅपटॉपचा स्क्रीन काळा, पण पंखा फिरतोय. खोलीत अंधार करा आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरा. पुसटसं चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, बॅकलाइट किंवा त्याची लाइन गेलीय. काहीच दिसत नसेल तर बाहेरचा मॉनिटर जोडून बघा. तिथे चित्र आलं तर ग्राफिक्स आणि मदरबोर्डवरचा संशय बराच कमी होतो, उरतात डिस्प्लेची केबल आणि पॅनेल. बिजागरीजवळ केबल दुमडून तुटणं फार नेहमीचं आहे. झाकण विशिष्ट कोनात धरल्यावर चित्र येत-जात असेल, तर केबलच.

डेस्कटॉपवर चित्र येत नसेल तर एक शरमेची गोष्ट आधी तपासा: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावलीय की मदरबोर्डच्या पोर्टला? ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो, त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच. अशा मशीनवर मदरबोर्डच्या पोर्टमधून काहीही येणार नाही. आणि डीडीआर५ रॅम नवी बसवली असेल तर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळाच राहू शकतो, कारण बोर्ड रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे तिच्याशी जुळवून घेण्याचं काम, करत असतो. लोक घाबरून मध्येच वीज तोडतात, आणि मग तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चहा घेऊन या, तोवर हात लावू नका.

तारीख रोज मागे जातेय, ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतोय, बायोसच्या (मशीन चालू करणारा मदरबोर्डमधला प्रोग्रॅम) सेटिंग विसरल्या जातायत? मदरबोर्ड नाही, विंडोजही नाही. सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल बदला.

एकाच वेळी चार गोष्टी बदलणं

रॅम काढली, घासली, बसवली, बायोस रीसेट केला, विंडोज नव्याने टाकलं आणि मशीन सुरू झालं. नेमकं कशाने सुरू झालं? माहीत नाही. म्हणजे पुढच्या महिन्यात तोच दोष परत आला की पुन्हा शून्यापासून. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर मशीन चालू करून बघायचं.

रॅमचंच उदाहरण घ्या. दोन पट्ट्या असतील तर एकच पट्टी एका स्लॉटमध्ये, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी त्याच क्रमाने. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. दोष एकाच स्लॉटला चिकटून राहिला तर स्लॉट किंवा प्रोसेसरच्या सॉकेटची वाकलेली पिन. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवण्याआधी बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद करा, नाहीतर चांगली रॅमही जास्त वेगामुळे चुका दाखवते आणि फुकट बदनाम होते.

रॅमचे सोनेरी काँटॅक्ट खोडरबराने घासायची पद्धत सगळीकडे आहे. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो, आणि जोरात घासलं तर मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं यांनी तेच काम जास्त चांगलं होतं. खरं तर अर्ध्या वेळा पट्टी नुसती काढून नीट दाबून बसवल्यानेच काम झालेलं असतं, श्रेय मात्र खोडरबराला मिळतं.

संशयित पार्ट दुसऱ्या चांगल्या मशीनमध्ये लावून बघायचा मोह होतो. रॅम, हार्ड डिस्क यांच्या बाबतीत ठीक. पण जळका वास आलेला किंवा शॉर्ट असल्याचा संशय असलेला पार्ट चांगल्या मशीनला लावू नका, आणि एसएमपीएसवर (डेस्कटॉपला वीज पुरवणारा डबा) संशय असेल तर चांगले पार्ट त्याला जोडू नका. एक मेलेलं मशीन दुरुस्त करता करता दोन मेलेली होतात.

टकटक करणाऱ्या डिस्कवर प्रयोग

इतर सगळे पार्ट पुन्हा विकत मिळतात, डेटा मिळत नाही. हार्ड डिस्कमधून टक्… टक्… असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल, तर मशीन बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, कारण वाचणारं हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी थोडा डेटा खरवडला जातो. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो. त्याने आत दमट हवेचं दव धरतं, बाकी काही होत नाही.

आवाज नाही, पण मशीन संथ झालंय, फाइल उघडताना अडकतेय, अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅमने स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीची, माहिती बघा. रीॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे (खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे शून्याच्या वर गेले असतील आणि वाढतायत असं दिसलं, तर आधी डेटा दुसरीकडे उतरवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी विंडोजचं चेकडिस्क चालवणं. ते फाइल सिस्टम दुरुस्त करतं, डिस्क नाही, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तासभर पळवतं. कॉपी आधी, दुरुस्ती नंतर.

चाव्या आत, आपण बाहेर

मदरबोर्ड बदलायचा असेल किंवा बायोस अपडेट करायचा असेल, तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की आधी काढून दुसरीकडे ठेवा. बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. की बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपशी बांधलेली असते, बोर्ड बदलला की विंडोज ४८ आकडी की मागतं. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही डेटा गेल्यात जमा. हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि मशीन चालू असतानाच करता येतं.

वीज

डेस्कटॉप नुसता शटडाउन केला तरी बोर्डावर ५ व्होल्टची स्टँडबाय वीज असते. प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. लॅपटॉपमध्ये मागचं झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढणं. दुसरं काहीही त्याच्याआधी नाही.

हे मी इतकं का सांगतोय? डिस्प्लेच्या कनेक्टरमध्ये बॅकलाइटची लाइन डेटाच्या लाइनींच्या अगदी शेजारी असते आणि तिचं व्होल्टेज त्यांच्यापेक्षा बरंच जास्त असतं. बॅटरी जोडलेली असताना केबल तिरकी लागली की बॅकलाइटचा फ्यूज उडतो, आणि नवा स्क्रीन लावूनही अंधारच. लोक नवा स्क्रीनच खराब आला म्हणून परत पाठवतात.

एसएमपीएस उघडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्याही वर चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. त्याच्या मदरबोर्डकडे जाणाऱ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, हा समजही सोडा. बिनलोडचा पंखा कुणीही फिरवेल. लोड असताना १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहते का, ते मल्टिमीटरवर बघा.

शरीरातल्या स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. चिप खराब व्हायला त्याहून कितीतरी कमी पुरते. म्हणून काही जाणवलं नाही, हा पुरावा नाही. मनगटाचा पट्टा नसेल तर निदान कॅबिनेटच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावा, गालिच्यावर बसून काम करू नका आणि घरचा व्हॅक्युम क्लीनर बोर्डावर फिरवू नका. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

फुगलेल्या बॅटरीला दाबून बसवणं

टचपॅड क्लिक होईनासा झाला की लोक टचपॅड मागवतात. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून डोळे टेबलाच्या पातळीला आणा. तळ मध्ये फुगून डुगडुगत असेल, टचपॅडची एक कड वर आलेली असेल, तर खाली बॅटरी फुगलीय. टॅबलेटमध्ये हीच खूण म्हणजे काचेच्या एका बाजूने फटीतून दिसणारा प्रकाश. चार्जर काढा, मशीन बंद करा, आणि झाकण दाबून परत बसवू नका. टोचून हवा काढायचा विचार तर मनातही आणू नका. तो ज्वलनशील वायू आहे, आणि आतले थर एकमेकांना टेकले की सेल स्वतःच तापत जातो, मग थांबवता येत नाही.

चांगली बॅटरी बदलतानाही चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणून मगच उघडा. कमी भरलेला सेल कमी भडकतो. गोंदाने चिकटलेली बॅटरी धातूच्या स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. प्लॅस्टिकची पट्टी वापरा, गोंद सैल व्हायला कडेने थोडं आयसोप्रोपिल सोडा आणि वेळ द्या. काढताना सेल वाकला तर तो परत वापरायचा नाही. जुना सेल कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

टॅबलेटची काच आणि घाई

काच गोंदाने चिकटलेली असते. कडेला हात लावून चटका बसेल न बसेल इतपत ऊब द्या, एका जागी हीट गन रोखून धरू नका. पिक (प्लॅस्टिकचा पातळ तुकडा) फटीत काही मिलिमीटरच घाला. खोल घातली की डिस्प्ले किंवा स्ट्रिप कापली जाते. स्ट्रिप कुठल्या बाजूला आहेत ते त्याच मॉडेलच्या फोटोत आधी बघून ठेवा.

स्ट्रिपच्या कनेक्टरला बारीक काळी किंवा पांढरी पट्टी असते, ती नखाने वर उचलायची आणि मग स्ट्रिप सहज बाहेर येते. न उचलता ओढली तर कनेक्टरच बोर्डावरून उखडतो. काही कनेक्टर मात्र वरून दाबून बसवायचे असतात, त्यांना अशी पट्टी नसते. ओढण्याआधी कुठला आहे ते भिंगातून बघा.

स्क्रू एका वाटीत ओतू नका. टॅबलेटमध्ये दिसायला सारखे स्क्रू लांबीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरकाचे असतात. लांब स्क्रू आखूड्याच्या भोकात घट्ट पिळला की तो बोर्डाच्या आतल्या थरांमध्ये घुसतो. कागदावर यंत्राचं चित्र काढा आणि जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावा.

पार्ट बसतोय म्हणजे चालेलच असं नाही

डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या डेस्कटॉप पट्ट्यांना सारख्याच २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका. एसएसडी बसवायच्या एम.२ स्लॉटचं उलट आहे: साटा (जुनी, संथ जोडणी) आणि एनव्हीएमई (वेगवान जोडणी) या दोन्ही प्रकारची एसएसडी एकाच स्लॉटमध्ये बसू शकते, पण चालेल ती बोर्ड जिला ओळखतो तीच. एसएसडीवर लिहिलेलं २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, एवढंच. वेगाशी किंवा प्रकाराशी त्याचा संबंध नाही.

सगळ्यात महागात पडते ती मॉड्युलर (केबल सुट्या काढता येतात अशा) एसएमपीएसची केबल. एसएमपीएस बदलला की लोक जुन्या केबल तशाच ठेवतात, कारण त्या बसतात. पण एसएमपीएसच्या बाजूचा पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क एका क्षणात संपते. नव्याबरोबर आलेल्याच केबल लावा.

जोडल्यावर सुरूच होत नाही

टॅबलेटची काच चिकटवण्याआधी सगळ्या स्ट्रिप जोडून चालू करून बघा: टचचे चारही कोपरे, चार्जिंग, कॅमेरा, आवाज. पूर्ण रिकामी बॅटरी असेल तर चार्जरवर अर्धा तास ठेवल्याशिवाय मेला म्हणू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबा, मग नुसत्या चार्जरवर चालू करून बघा. डेस्कटॉपवर प्रोसेसरची वेगळी १२ व्होल्टची केबल राहिलीय का ते बघा, पंखे फिरतात आणि चित्र नाही याचं ते फार नेहमीचं कारण आहे. कुलरखालचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद काढलाय ना? मी एकदा तो तसाच ठेवून दोन दिवस प्रोसेसरला शिव्या दिल्यात.

आणि टेबलावर एक स्क्रू उरला असेल तर परत उघडा. तो आत कुठे लागत नव्हता असं नाही, आणि आत अजून एखादा सुटा पडलेला असू शकतो.