घरच्या घरी जुनी पद्मिनी उभी करताना या चुका टाळा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी घरी दुरुस्तीला घ्यायला फार चांगली गाडी आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (प्लगला ठिणगी देणारी जुनी यंत्रणा). कॉम्प्युटर कुठेच नाही आणि बोनेट उघडलं की हात घालायला भरपूर जागा. तरीही कितीतरी पद्मिनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली, अर्ध्या खोललेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडून राहतात. हौस आणि हातात कला असूनही असं होतं, कारण कामाचा क्रम चुकतो, किंवा बिघाड शोधताना एका वेळी चार गोष्टी बदलल्या जातात. त्या एका सवयीवर इथे जास्त लिहिलं आहे.

सगळी गाडी एकदम खोलणं

पहिल्या महिन्याच्या उत्साहात सीटा, दारं, डॅशबोर्ड, इंजिन सगळं बाहेर येतं. मग पाऊस लागतो, ऑफिसची कामं निघतात, आणि सहा महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला हे आठवत नाही. एका वेळी एकच भाग खोला, तो पूर्ण करा, बसवा, मग पुढचा. या रविवारी फक्त पुढचा डावा ब्रेक, एवढंच ठरवलं आणि तेवढंच पूर्ण झालं, तरी ती खरी प्रगती असते. शक्य तितका काळ गाडी स्वतःच्या चाकांवर ढकलता येईल अशी ठेवा. पार्किंग बदलायची वेळ आली किंवा वेल्डरकडे न्यायची झाली, तर तीच गोष्ट प्रोजेक्ट वाचवते.

फोटो काढा, नट-बोल्ट लेबल लावलेल्या पिशव्यांत ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त केलं जात नाही.

रंगापासून सुरुवात करणं

गाडी चमकली की घरच्यांनाही बरं वाटतं, म्हणून डेंटिंग-पेंटिंग आधी उरकलं जातं. नंतर इंजिन काढताना नव्या रंगावर ओरखडे येतात, ब्रेक ऑइल सांडतं आणि रंग सोलून निघतो. माझ्या मते क्रम असा हवा: ब्रेक, पेट्रोलची लाइन, वायरिंग, इंजिन, पत्रा आणि अगदी शेवटी रंग.

पत्र्याच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. पद्मिनी ही मूळची फियाट ११००, आणि त्या गाडीला वेगळी चॅसिस नाही; बॉडी हीच तिची चॅसिस. त्यामुळे दाराखालचा पत्रा आणि फ्लोअर गंजले असतील तर गाडीचा कणाच कमकुवत झालेला असतो. तो भाग कापताना दोन्ही बाजू एकदम कापू नका, आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टॅक मारून (वेल्डिंगच्या टिपक्यांनी तात्पुरता जोडून) घ्या. हे टाळलं तर गाडी मधून जराशी झुकते आणि नवा पत्रा लागल्यावर दार बंदच होत नाही. मग सगळं पुन्हा कापायला लागतं. गंजावर लांबी (पुट्टी) भरून मोकळं होणाऱ्यांच्या गाडीला एका पावसाळ्यात फुगे येतात.

साधा प्रायमर मारून गाडी चार महिने तशीच ठेवणं ही आपल्याकडच्या दमट हवेत हमखास होणारी चूक. हा प्रायमर ओल शोषतो आणि खालून गंज धरतो. काम लांबणार असेल तर इपॉक्सी प्रायमर मारा.

बरीच वर्षं उभी असलेली गाडी थेट स्टार्टर मारून बघणं

मोह समजण्यासारखा आहे, पण इथेच मोठं नुकसान होतं. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूच पुढेमागे ढकलून इंजिन मोकळं फिरतंय का बघा. फिरत नसेल तर जोर लावू नका, ऑइल आणखी मुरू द्या.

जुनं पेट्रोल पूर्ण काढा. टाकीतला गंज पेट्रोलबरोबर वाहत येतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. कार्बोरेटर तीनदा साफ करूनही मिसिंग (इंजिनचे ठोके चुकणं) परत येत असेल, तर दोष बहुधा टाकीत आहे. इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर मेकॅनिकल फ्यूएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी आहे. तशा पातळ ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचे पडदे त्यासाठी बनलेले नव्हते. ते मऊ पडतात, तडकतात, पाझरतात. बोनेटखाली पेट्रोल पाझरणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे इथेनॉलला टिकणारे पाइप आणि नव्या क्लिपा हा पहिल्याच दिवशीचा खर्च समजा, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रणही थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. प्लग पांढरे पडत असतील आणि पिकअप मार खात असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा लावून बघण्यासारखा आहे.

बिघाड दिसला की पार्ट बदलत सुटणं

गाडी छान चालते, वीस मिनिटांनी घाटाच्या चढावर गचके देते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने काहीच न करता पुन्हा सुरू होते. पद्मिनीवाल्यांची ही नेहमीची तक्रार. यावर साधारण काय होतं? कॉइल, प्लग, पॉइंट, पंप आणि कार्बोरेटर किट एकाच रविवारी बदललं जातं. गाडी सुधारली तर कशाने हे कळत नाही, बिघडली तरी कशाने हे कळत नाही.

या एकाच लक्षणामागे निदान तीन कारणं असतात. पेट्रोल पंपात किंवा पाइपात तापून त्याची वाफ होते. कॉइल तापली की आतून तुटते. किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. तिन्हींना थंड होऊ दिलं की गाडी पुन्हा चालते, म्हणून थंड गाडीवर तपासून काहीच हाती लागत नाही. तपासणी गाडी बंद पडलेल्या त्या क्षणीच करावी लागते. रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबा, एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवूनच कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि एक्सिलरेटरचा लिव्हर हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार आतमध्ये उडाली, तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येतंय. मग करंट बघा, पण त्याआधी झाकण परत लावा आणि सांडलेलं पेट्रोल उडून जाऊ द्या. जास्तीचा एक प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनच्या धातूला नीट टेकवा, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी, अशक्त किंवा गायब असेल तर आधी कंडेन्सर बदला, कारण तो स्वस्त आहे. फरक पडला नाही तरच कॉइल. धार नव्हती आणि ठिणगी चांगली होती, तर पाइप एक्झॉस्टच्या जवळून जातोय का, पंपाखालचं उष्णतारोधक पॅकिंग जागेवर आहे का, ते बघा.

एका वेळी एकच बदल, मग चालवून बघणं, मग वहीत नोंद. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, त्यामुळे गॅप आधी आणि टायमिंग नंतर. उलट केलं तर दोन्ही पुन्हा करावी लागतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२. प्लगच्या वायरी काढल्यानंतर बॅकफायर सुरू झाला, तर सगळ्यात आधी हीच बघा. नवा बिघाड आला की शेवटचा हात कुठे लावला होता तिथून शोध सुरू करा. बहुतेकदा उत्तर तिथेच असतं.

ब्रेकचंही तसंच. ब्रेक ऑइल बदललं, एअर (ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा) काढली, तरी पेडल खोल जातं, म्हणून लोक पुन्हा पुन्हा एअर काढत बसतात. पेडल काय सांगतंय ते ऐका. दोनदा पटपट दाबल्यावर पेडल वर येत असेल तर ड्रममधले शू सैल आहेत, ते अ‍ॅडजस्ट करा. पायाखाली स्पंजासारखं लागत असेल तर हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) आतून गेला आहे. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट, असं धरून चालणं

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. टॅक्सी असेपर्यंत तिचा पार्ट कुठेही मिळायचा; आता पुण्याचा जुना बाजार किंवा ओळखीचा एखादा स्पेअर पार्टवाला शोधावा लागतो. दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबर न वापरताच कडक होतं. ब्रेकचे कप (सिलिंडरमधले रबरी सील) बोटांनी वाकवून बघा, तडे दिसले तर परत करा. चालता कंडेन्सर आणि पॉइंट काढले असतील तर टाकू नका, डिकीत ठेवा. नवे दोन दिवसांत गेले तर तेच घरी आणतात.

पान्यांबद्दल थोडंसं. पद्मिनी मूळची इटालियन, तिचे नट-बोल्ट मेट्रिक. अँबॅसेडर मूळची ब्रिटिश, तिथे इंचाचे. आधीच्या मालकाने हाताला लागला तो बोल्ट बसवलेला असू शकतो. अर्ध्या इंचाचा पाना लागणाऱ्या बोल्टवर तेरा मिलिमीटरचा पाना जेमतेम बसतो, पण जोर लावला की बोल्ट गोल होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गंजलेल्या स्टडवर आदल्या रात्री तेल सोडा, सकाळी सहा कोनी रिंग पाना लावून आधी किंचित आवळा, मग सोडवा.

जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नका. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉकही चालणार नाहीत, ते वजनाखाली अचानक फुटतात. जॅक स्टँडच हवेत, तेही पक्क्या जमिनीवर.

कागद शेवटी बघू म्हणणं

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी पाहणीसाठी दाखवावी लागते आणि महाराष्ट्रात ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. इंजिन किंवा रंग बदलला तर आरटीओच्या परवानगीने आरसीवर नोंद लागते. वर्षभराची मेहनत आणि पैसे घालण्याआधी चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, हे गंज घासून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जुळत नसतील तर विकणाऱ्याला तेव्हाच विचारा, पैसे देण्याआधी.