ग्वाल्हेरच्या हवेत मिराज रंगवायचं तर

मिराज २००० या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) रंगवायचं, तर सामानाच्या यादीत सगळ्यात वर रंग नाही, आर्द्रतामापक आहे. काही शे रुपयांचा, भिंतीवर टांगायचा साधा डिजिटल मीटर चालतो, पण तो हवाच. ग्वाल्हेरात वर्षभर एकाच पद्धतीने रंग मारता येत नाही. मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे गेला की अ‍ॅक्रिलिकचा थेंब नोझलपासून प्लास्टिकपर्यंत पोचायच्या आतच सुकतो आणि पंखावर पिठासारखा बसतो. बोट फिरवलं तर सँडपेपर लागतो. यावर कूलरसमोर बसून रंग मारणं हा रोगापेक्षा वाईट उपाय. कूलर खोलीत दमटपणा भरतो, वर गवताच्या जाळीतली तुसं आणि धूळ ओल्या रंगावर आणून टाकतो. कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून, दहा मिनिटं धूळ खाली बसू द्यायची, मग सुरुवात. उन्हाळ्यातच काम उरकायचं असेल तर पहाटे पाच ते आठ, आणि दर दहा थेंब रंगाला एक थेंब रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव).

पावसाळ्यातली अडचण उलटी. लॅकरचा (झटपट उडणाऱ्या थिनरमधल्या रंगाचा) थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि रंगावर दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर दिसतो. मीटर सत्तर टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी लॅकर आणि मॅट वार्निशला हात लावायचा नाही. जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळींनाही हाच नियम. साय आलीच तर घासायची घाई नको. कोरड्या दिवशी नुसता लेव्हलिंग थिनर (सावकाश उडून रंग सपाट बसू देणारा) हलकासा फवारला तर बहुतेक वेळा ती विरघळून जाते. दसऱ्यापासून नोव्हेंबर सरेपर्यंत आणि वसंत पंचमीपासून होळीपर्यंत, हे खरे रंगाचे दिवस.

आता विमान. ग्वाल्हेरजवळच्या महाराजपूरच्या हवाई दलाच्या तळावर मिराज २००० १९८५पासून आहे, तेव्हा इथल्या माणसाने पहिलं आधुनिक जेट म्हणून तेच निवडलं तर नवल नाही. खरं मिराज १४.३६ मीटर लांब आणि ९.१३ मीटर रुंद, म्हणजे १/७२ मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये) जवळपास २० बाय १३ सेंटिमीटर, १/४८ मध्ये ३० बाय १९. वाळत ठेवायची जागा आणि वरून झाकायचा डबा या मापाने आधीच शोधून ठेवायचा. त्यानंतर एकच शेपूटक्रमांक आणि एकच वर्ष पक्कं करायचं, आणि त्याचे निदान चार फोटो: दोन्ही बाजू, वरून, पोटाखालून. एकआसनी विमानांचे क्रमांक केएफने सुरू होतात, दोनआसनींचे केटीने. हे नुसतं डिकॅलपुरतं (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांपुरतं) नाही. एकआसनी मिराजच्या इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडांखाली दोन ३० मिलिमीटर तोफा आहेत, दोनआसनीत त्या नाहीत. दोनआसनीच्या पोटावर बारुदाची काजळी काढली की जाणकार माणूस लगेच हसतो.

फोटो हाताशी असताना वेदरिंगचा (वापरातले डाग-ओरखडे रंगात दाखवण्याचा) निर्णयही आत्ताच घ्यायचा, रंग सुकल्यावर नाही. शांततेच्या काळातलं विमान धुतलं-पुसलं जातं. त्याला महायुद्धातल्या फायटरसारखं खरवडून ठेवणं चूक. मिराजचं शेपूट आणि पंखामागचे एलेव्हॉन (हलणाऱ्या फळ्या) मुख्यतः कार्बन फायबरचे आहेत, नाकावरचा रेडोमही (रडारचं टोकदार आवरण) धातूचा नाही. तिथला रंग उडाला तरी खाली अ‍ॅल्युमिनियम दिसणार नाही. चंदेरी टिपके टाकायचेच तर पंखाच्या पुढच्या कडेला, वारंवार उघडणाऱ्या पॅनेलच्या स्क्रूंभोवती, कॉकपिटच्या शिडीजवळ. तेही मोजून दहा-बारा. उरलेली जागा मळाची: यांत्रिक कर्मचारी पंखाच्या मुळाशी चालतात तिथे बुटांचा करडा डाग, चाकांच्या कोठडीभोवती हायड्रॉलिक तेल. तेल गळतं तेव्हा विमान जमिनीवर असेल तर ओघळ सरळ खाली येतो, उडताना गळलं तर मागे ओढला जातो. दोन्ही ओघळ एकाच दिशेला काढलेले मॉडेल खूप दिसतात.

सामान जमवताना दुकानांची फेरी अशी: सर्जिकलच्या दुकानातून पाच मिलिलिटरच्या सिरिंजा, नायट्राइल हातमोजे आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल. ७० टक्केवाल्यात पाणी जास्त असतं, तो हात पुसायला ठीक. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर. हार्डवेअरमधून ४००, ८०० आणि १५००चा वॉटर पेपर. स्टेशनरीवाल्याकडून ऑइल कलरच्या दोन ट्यूबा, बर्न्ट अंबर आणि काळा. बांबूच्या काड्या, क्रोकोडाइल क्लिपा आणि थर्माकोलचा तुकडा घरात मिळतो. एअरब्रश डबल अ‍ॅक्शन, म्हणजे एकाच बटणाने हवा आणि रंग वेगवेगळे सोडणारा, ०.३ मिलिमीटर सुईचा, आणि कॉम्प्रेसर टाकीवाला. पाणी अडवणारा ट्रॅप एक कॉम्प्रेसरपाशी, पावसाळ्यात दुसरा ब्रशच्या मुठीखाली, नाहीतर ऐन पंखावर पाण्याची पिचकारी येते. मास्क कापडी किंवा धुळीचा नाही, सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजचा. आणि ज्या खोलीत देवघराची समई किंवा उदबत्ती जळते तिथे लॅकर फवारायचा नाही, एवढं घरच्यांना आधी सांगून ठेवायचं.

रंग एकाच कुळातले घेतले तर निम्मी भांडणं मिटतात. टामिया कंपनीचा अ‍ॅक्रिलिक आयसोप्रोपिलने पातळ होतो. व्हॅलेहो कंपनीच्या रंगात तेच घातलं तर कपात जेलीच्या गुठळ्या होतात आणि नोझल तुंबते; त्याला त्याचाच थिनर लागतो. वॉश (पॅनेलच्या रेघांत सोडायचा पातळ गडद रंग) ऑइलचा किंवा एनॅमलचा असेल तर खालचं ग्लॉस वार्निश अ‍ॅक्रिलिक किंवा लॅकर हवं. एनॅमलवर एनॅमलचा वॉश टाकला की पुसताना सगळंच उठून येतं. १/७२ मध्ये डब्यातला राखाडी जरा गडद भासतो, म्हणून दर नऊ थेंबांना एक थेंब पांढरा. त्या मापाच्या मॉडेलला एका छटेसाठी ५ मिलिलिटर रंग आणि तेवढाच थिनर पुरून उरतो, पण तो एकदमच मिसळून बाटलीत भरायचा. दुसऱ्यांदा तीच छटा जमत नाही. पातळपणाची खूण: कपाच्या भिंतीवरून रंग दुधासारखा ओघळला पाहिजे.

मग कामाचा क्रम. पहिल्या दिवशी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश, आणि रात्रभर वाळवण. साच्याचं तेल आणि बोटांचा घाम राहिला तर मास्किंग टेपबरोबर रंग सालीसारखा निघतो. कॉकपिटमध्ये आणि हवेच्या तोंडांत ओला टिश्यू कोंबायचा, कॅनॉपी टेपने झाकायची. दुसऱ्या दिवशी राखाडी प्रायमर १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वर. प्रायमर म्हणजे तपासनीस: जोडावरची प्रत्येक फट तो दाखवतो, आणि ती आत्ता भरली नाही तर नंतर वॉश तीच रेघ काळी करून दाखवेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाब १० ते १२ वर आणून गडद रंगाचे अनियमित ठिपके, त्यावर मूळ छटेचे दोन-तीन विरळ हात, खालचं जेमतेम जाणवेपर्यंत. त्यानंतर ग्लॉस, दोन कोरडे हात आणि एक ओला, आणि पूर्ण २४ तास हात लावायचा नाही. थंडीत ४८. ग्लॉसचे हात चुकवले की मॅट पृष्ठभागाच्या खडबडीत खाचांत हवा अडकते आणि डिकॅलखाली चंदेरी चकाकी येते. ती नंतर पूर्णपणे क्वचितच जाते.

डिकॅल कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा असं आपल्या हवाई दलाचं वर्तुळ राखाडीवर बसतं तेव्हा पांढरा पातळ छापलेला असेल तर मळकट दिसतो, म्हणून एक जादा डिकॅल टाकाऊ पंखावर आधी लावून पाहायचं. सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारं द्रव) लावल्यावर ते सुरकुततं. तिथे बोट लावलं की गेलं. आपोआप ताणून बसतं.

वॉशच्या आदल्या तासाभरात ऑइल कलरचा वाटाण्याएवढा गोळा पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषतो, त्याभोवती तेलकट कडं उमटतं. हे कडं दिसलं नाही तर वॉश आठवडाभर चिकट राहतो आणि चमकतो. एक भाग रंग, दहा भाग वासरहित व्हाइट स्पिरिट. हार्डवेअरचं तारपीन नको, ते डाग सोडतं. वॉश फक्त रेघांत सोडायचा, अंगभर ओतायचा नाही. स्पिरिट चाकांच्या कोठडीत साचलं की ताणाखाली असलेले बारीक पाय तडकतात, आणि तेही दुसऱ्या दिवशी, मॉडेल उभं असताना. वीस मिनिटांनी पुसायचं, पंखावर पुढून मागे, अंगावर वरून खाली. वरून सॅटिन वार्निश पुरे. मॅटसाठी फ्लॅट बेस (चमक मारणारं द्रव) हावरटपणे घातला तर गडद राखाडीवर पिठूळ झाक येते.

कॅनॉपीची टेप वार्निशनंतर, कडेला ब्लेडची टोकेरी रेघ मारून मग सोडवायची. नाकावरची पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी) सगळ्यात शेवटी. ती आधी चिकटवली तर टेप काढताना हमखास तुटते, आणि एवढीशी वस्तू शहाबादी फरशीवर सापडणं कठीण.